माकचोचा डावा जोडा

लोआन न्योला गावात सगळे ताचिक म्हणत. ताचिक म्हणजे थोरली बहीण. बाईला पहिलं मूल झालं की लोक तिला माक, म्हणजे आई, म्हणू लागतात. असं कुणी ठरवलेलं नाही, पण होतं तसंच. तिच्या बरोबरीच्या साऱ्या जणी केव्हाच माक झाल्या, पुढे आज्याही झाल्या. लोआन न्यो सत्तरी ओलांडून गेली तरी ताचिकच राहिली. शाळेत जाणारी पोरंही तिला ताचिक म्हणायची. तिने कधी कुणाला टोकलं नाही.

जावा बेटावरच्या जुवानाच्या बंदराकडे उतरणाऱ्या गल्लीत, पितळेच्या भट्ट्यांच्या मागे तिचं घर. नवरा तिक बिंग होड्यांचे पंखे ओतायचा. तो गेल्यावर तिने भट्टी विकली, घर ठेवलं. खिडकीशी बसून ती मणीकामाच्या सपाता शिवायची. नवरीच्या पायात ताचिक लोआनच्या हातच्या सपाता हव्यात, असं पार सेमारांगच्या बायकाही म्हणायच्या. पण ती वर्षाला मोजक्याच शिवायची. उरलेला वेळ देवीचा होता.

देवी माकचो. दर्यावर जाणाऱ्यांची रखवालदारीण. लोआनच्या सासरच्या पूर्वजांनी चीनमधल्या फुकियेनच्या किनाऱ्यावरच्या आपल्या गावातून तिला जहाजात बसवून आणलं. त्या जहाजाची एक फळी देवळात आहे. एक घंटा आहे. उदबत्त्या खोचायचं काशाचं पात्र आहे, त्यातली तळाची राख त्या गावची. आणि माकचो स्वतः. लाकडाची, सात वर्षांच्या पोरीएवढी. खांदे, कोपर, गुडघे, सगळे सांधे हलतात. केस खरे आहेत. म्हणून कपडेही खरे लागतात आणि पायात जोडेही खरे. पाय जुन्या काळच्या बांधलेल्या पायांसारखे, टोकदार, तान्ह्या पोराच्या पावलाएवढे.

वर्ष संपताना सगळे देव वर आपली हकिकत सांगायला जातात. त्या आठवड्यात मूर्ती रिकाम्या असतात, तेव्हाच त्यांना अंघोळ घालतात. माकचोपुढे पडदा ओढला जातो. आत फक्त बायका. फुलं घातलेल्या पाण्याने तिचं अंग पुसायचं, केस विंचरायचे, नवे कपडे, नवे जोडे घालायचे. पडद्याआडलं बाहेर बोलायचं नाही.

लोआन लग्न होऊन आली त्याच वर्षी सासूने तिला पडद्याआत नेलं, कारण सुनेच्या हाताला सुई वळत होती. तेव्हापासून देवीचे जोडे तिच्याकडे. जुने जोडे काढले की ती ते उलटे करून बघायची. तळवे झिजलेले असायचे. बसून असलेल्या मूर्तीचे. यात कुणाला नवल वाटत नसे. रात्री ती दर्यावर जाते, चालणाऱ्याचे जोडे झिजणारच. लोआन दरवर्षी तेच म्हणायची.

"यंदाही टाच बाहेरच्या अंगानेच झिजलीय. बाई फेंगडी चालते."

"ताचिक, देवी आहे ती!" कुणीतरी दटावायचं.

"मग देवी फेंगडी चालते."

काढलेले जोडे टाकून देत नाहीत. ते देवळाच्या खणात राहतात आणि उसने जातात. जिला मूल होत नाही ती येते, उदबत्ती लावते, खणातला एक जोडा मागून नेते. एकच. दुसरा देवळात राहतो. नेलेला जोडा लाल फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवायचा. मूल झालं की तो परत आणायचा आणि सोबत नवी कोरी लाल जोडी. पुजारी जोडा हातात घेतो आणि विचारतो, "मुलगा की मुलगी?" हा प्रश्न चुकवता येत नाही. उत्तर आलं की तो ढोल वाजवतो. मुलीला एक टोला, मुलाला दोन. गल्लीतले लोक टोले मोजतात.

आणखी एक गोष्ट. देऊळ जोडा परत मागत नाही. जिने नेला तिनेच आणायचा. आणि रिकाम्या घरातून आणायचा नाही.

लग्नाला चार वर्षं झाली तरी लोआनला दिवस गेले नाहीत. तोवर दोनदा जोडा आणून झाला होता. सासू, माक चोए, थांबणाऱ्यातली नव्हती. तिने दोन्ही जोडे गुपचूप खणात नेऊन ठेवले आणि तिसऱ्या वेळी लोआनला घेऊन सरळ म्हाताऱ्या पुजाऱ्यापुढे उभी राहिली.

"नव्यांचा उपयोग नाही," ती म्हणाली. "ते माझ्या सुनेनेच शिवलेत. स्वतःच शिवलेलं स्वतःला काय पावणार? मला तो पहिला दे."

पहिला म्हणजे ज्या जोडीत माकचो जहाजात चढली, त्यातला. त्या गावच्या बायकांनी शिवलेला. ती जोडी वेगळी, एका चंदनी पेटीत असायची.

"तो कुणाला देत नाहीत," पुजारी म्हणाला.

"का? तो देवीचा नाही?"

"आहे की."

"मग देवीच्या पायातला नाही?"

"अहो, आहे."

"मग माझी सून काय परक्या देवीकडे मागतेय?"

पुजारी उठला. त्याने पेटी उघडली आणि डावा जोडा लोआनच्या ओंजळीत ठेवला. "मी मागायला येणार नाही," तो म्हणाला. "पण मोकळ्या हाताने आणू नका."

जोडा लोआनच्या कपाटात गेला आणि तिथेच राहिला.

पुढची वर्षं वाईट होती. चिनी देवाधर्मावर सरकारची नजर फिरली. माकचोची पालखी रस्त्यावरून बंद झाली. देवळाच्या कमानीवरची अक्षरं चुन्याखाली गेली. लोकांनी नावं बदलली. दार अर्धं लोटून पूजा व्हायची. पण जोडे जातच होते आणि येतच होते. ढोलावर घोंगडी टाकून वाजवायचे. ज्यांना शिवता येत नसे त्या बायका परतीची लाल जोडी लोआनकडून शिवून घेत. शेजारची माक इंग तिच्यानंतर दोन वर्षांनी जोडा घेऊन गेली आणि वर्षभरात लोआनकडे लाल जोडी सांगायला आली. तिला मुलगा झाला होता, लुकास. लोआनने जोडी शिवली, टाचेवर छोटासा मासा भरला. ढोलाचे दोन टोले तिने खिडकीत बसून ऐकले. गावातल्या निम्म्या पोरांच्या जोड्या तिच्या हातच्या आहेत.

तिक बिंगच्या धाकट्या बहिणीने आपला तिसरा मुलगा द्यायची तयारी दाखवली. घरात दत्तक मूल आलं की मागून आपलंही येतं, असं सगळे म्हणतात. मूल गोड होतं. लोआनने त्याला दोन दिवस जेवू घातलं, अंघोळ घातली आणि परत पाठवलं. का, ते तिने फक्त नवऱ्याला सांगितलं.

"तो आला तर जोडा परत करावा लागेल."

"मग करू की."

"मला तो करायचा नाहीये अजून."

सासू तिच्याशी कितीतरी महिने बोलली नाही. तिक बिंग मात्र हसायचा. भांडण चढलं की म्हणायचा, "हळू बोल, घरात देवीचा पाय आहे." शेवटच्या आजारपणात त्याने एकदा विचारलं, "आहे ना तो अजून?"

"आहे."

"असू दे," तो म्हणाला आणि कूस वळवली.

लोआनचं माहेर तुबानला, बसने अर्ध्या दिवसावर. ती जाईनाशी झाली. माहेरच्या बायका तोंडाने विचारायच्या नाहीत, हनुवटी जरा वर करून तिच्या पोटाकडे बघायच्या. आई वारली तेव्हा ती गेली. शवपेटीशेजारी बसली असताना एका मावशीने तशीच हनुवटी वर केली. लोआन तेव्हा पन्नाशीच्या पुढे होती. त्यानंतर ती तुबानला गेली नाही.

* * *

लुकास आता पंचेचाळिशीचा होता. बंदरात बर्फाच्या पेट्या आणि फ्रीझर विकायचा, आणि देवळाच्या मंडळाचा अध्यक्ष होता. एका सकाळी तो संत्र्यांची पिशवी घेऊन लोआनकडे आला. संत्री एकेक करून तिच्यापुढे मांडत बसला.

"कुणी मेलं का?" लोआनने विचारलं.

"नाही, ताचिक."

"मग फ्रीझर विकायला आलास. मला नको. माझ्याकडे दोनच मासे असतात."

लुकास हसला. मग त्याने सांगितलं. माकचो ज्या गावाहून निघाली त्या गावाचा पत्ता लागला होता. तिथलं जुनं देऊळ मधल्या काळात पाडलं गेलं होतं, मूर्ती गेल्या होत्या. आता लोकांनी नवं बांधलं होतं. त्यांच्या देवळातून बाहेर गेलेल्या साऱ्या माकचो ते शोधत होते, मलायात, जावात. देवीच्या वाढदिवसाला त्यांची माणसं जुवानाला येणार होती. आणि त्यांची एकच मागणी होती. एवढ्या पिढ्यांनी लेकीने एक वर्ष माहेरी राहावं.

"मग न्या," लोआन म्हणाली.

"मूर्ती हलत नाही, ताचिक. सुराबायाचा कारागीर बघून गेला. आतून किडीने खाल्लीय. उचलली तर मान हातात येईल म्हणाला."

"मग नका नेऊ."

"ते म्हणतात, जोडे आले म्हणजे ती आली."

"खणात ढिगाने पडलेत. हवे तेवढे न्या."

"ते आपण शिवलेले. त्यांना त्यांच्या बायकांनी शिवलेले हवेत. ती निघाली तेव्हा पायात होते ते."

लोआनने सुई कापडात टोचून ठेवली. "तो तर देवळात एकच आहे."

"हो."

"जोडा मागायचा नसतो, लुकास."

"मी कुठे मागतोय?" लुकास घाईने म्हणाला. "मी संत्री घेऊन आलोय."

 लुकास उठता उठता म्हणाला, "एका पायाने कुणी माहेरी जात नाही एवढंच. आणि एक सुचलं होतं. तुम्ही हुबेहूब दुसरा शिवला तर? तुमच्या हाताला ते जमेल. कुणाला कळणार?"

लोआनने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं.

"आणि टाच कोण झिजवणार? तू?"

लुकास गेला. संत्री राहिली.

दुसऱ्या दिवशी होक आला. तो म्हाताऱ्या पुजाऱ्याचा मुलगा, आता तोच पुजारी. तो पायरीवरच बसला, आत आला नाही.

"मी मागायला आलेलो नाही," तो म्हणाला.

"तूसुद्धा संत्री आणलीस?"

"नाही. मी सांगायला आलोय. आणायचा नसेल तर आणू नका. लुकासच्या डोळ्यांपुढे ते पाहुणे आहेत. मी त्यांना सांगेन, दुसरा वापरात आहे. खोटं नाही ते."

"आणि आणला तर?"

होकने डोकं खाजवलं. "आणला तर मला विचारावं लागेल, ताचिक. बाबा असते तर त्यांनीही विचारलं असतं."

"माहीत आहे."

"मनातल्या मनात विचारू का?"

"मग मी मनातल्या मनात उत्तर देईन. आणि देवीला ऐकू नाही आलं तर?"

होक पायरीवरून उठला. जाताना म्हणाला, "पाहुण्यांपुढे नका आणू निदान. आधी गुपचूप या."

"जोडा गुपचूप परत करतात का?"

"नाही करत."

त्या दुपारी लोआनने कपाट उघडलं. लाल फडकं विटून तपकिरी झालं होतं. आतला जोडा मात्र तसाच होता. निळा. खाडीच्या पाण्यावर ऊन नसताना असतो तसा निळा, वर पांढऱ्या धाग्याच्या लाटा. टाच बाहेरच्या अंगाने झिजलेली. तिने तो खिडकीत ठेवला आणि पुढे बसून राहिली.

माहेरी न जाणं म्हणजे काय, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. रिकाम्या हाताने गेलं की काय होतं, तेही. पण माकचो रिकाम्या हाताने जाणार नव्हती. तिच्यामागे अख्खं गाव होतं, भट्ट्या होत्या, होड्या होत्या, ढोलाचे एवढे टोले होते. तिला कुणी हनुवटी वर करून विचारणार नव्हतं. तिला जायला फक्त दुसरा पाय हवा होता. तो लोआनच्या खिडकीत होता.

जोडा देवळात दिला की कपाटात काही उरणार नव्हतं. तो होता तोवर ती वाट बघणारी बाई होती. या वयात वाट बघणं म्हणजे वेडेपणा, हे तिला कळत होतं. पण वाट बघणारी आणि मूल न झालेली, या दोन वेगळ्या बायका असतात. होकने प्रश्न विचारला की ती दुसरी होणार होती, सगळ्यांसमोर.

संध्याकाळी तिने लाल रेशीम काढलं.

तळव्यासाठी जुन्या कापडाचे तुकडे खळीने एकावर एक चिकटवले, पाट्याखाली दाबून वाळवले. मेण लावलेल्या दोऱ्याने टीप घातली. आयुष्यभर हे काम करत आलेली बाई, पण पहिली जोडी तिने उसवली. दुसरीही उसवली. तिसऱ्यांदा टाचेपाशी आल्यावर ती अडली. दुसऱ्या बायकांच्या जोड्यांवर ती काहीबाही भरायची, मासा, डाळिंब, फुलपाखरू. काय भरायचं ते त्या बायका सांगायच्या. इथे सांगणारी तीच होती. तिने टाच कोरी ठेवली.

* * *

वाढदिवसाच्या सकाळी देवळाच्या अंगणात मांडव होता. ताटांत लाल कासवाच्या आकाराच्या गोड वड्या, लाल रंगवलेली अंडी, शेवयांचे डोंगर, आख्खे भाजलेले मासे. पाहुणे काल रात्रीच आले होते. त्यांची पुढारी एक म्हातारी होती, क्वेई इंग. जन्मभर कालवं फोडून तिची बोटं वाकली होती. तिची बोली इथे कुणाला येत नव्हती आणि जुवानाच्या लोकांना आता जावाच्या भाषेशिवाय काही येत नव्हतं. आजोबांच्या तोंडचे चारदोन शब्द उरले होते, ते सगळे खाण्याचे. त्यामुळे सकाळपासून दोन्हीकडचे लोक एकमेकांना "शेवया" आणि "चहा" म्हणून हसत होते. बाकीचं लुकासची भाची मेलिंदा सांभाळत होती. ती तिकडे दोन वर्षं शिकून आली होती.

पाहुण्यांना जहाजाची फळी दाखवली, घंटा दाखवली. काशाच्या पात्रापुढे क्वेई इंग गुडघ्यांवर बसली. तळाची राख त्यांच्या गावची आहे हे ऐकल्यावर तिने बोट आत घातलं, थोडी राख बोटावर घेतली आणि वास घेतला. मग होकने चंदनी पेटी उघडली. आत उजवा जोडा होता. उदबत्त्यांच्या धुराने काळा पडलेला, रंग कुठला ते कळू नये इतका.

"दुसरा?" क्वेई इंगने विचारलं.

होकने लुकासकडे पाहिलं. लुकासने छताकडे.

तेवढ्यात लोआन मांडवात आली. तिच्या एका हातात विटलेलं फडकं होतं, दुसऱ्या हातात लाल जोडी. बायका बाजूला झाल्या. काही जणींना काहीच कळलं नाही. ज्यांना कळलं त्या शेवया वाढायच्या थांबल्या.

तिने फडकं सोडलं आणि जोडा होकच्या हातात दिला. लाल जोडी देवीपुढे ठेवली.

काळ्या जोड्याशेजारी निळा जोडा. देवळात हा निळा कुणी पाहिलेलाच नव्हता. क्वेई इंग झटकन पुढे आली. तिने दोन्ही जोडे उलटे केले, तळव्याची टीप बोटाने चाचपली आणि मोठ्याने काहीतरी म्हणाली.

"त्या म्हणतायत, हा आमच्याकडचा निळा आहे," मेलिंदाने सांगितलं. "अजून असाच रंगवतात म्हणे."

होक तोवर घामाघूम झाला होता. त्याने जोडा परत हातात घेतला. ढोलाची काठी काखेत होती. तो इतक्या हळू बोलला की पुढच्या बायकांना वाकावं लागलं.

"मुलगा की मुलगी?"

"झालं नाही," लोआन म्हणाली. "तरी आणलाय."

आवाज चढा नव्हता आणि पडलेलाही नव्हता. खिडकीतून भाजीवाल्याला नको सांगावं तसा होता.

होक काठी धरून उभा राहिला. मुलीला एक, मुलाला दोन. याला काय, ते त्याच्या वडिलांनी त्याला शिकवलं नव्हतं. शेवटी त्याने काठी ठेवली आणि कौलाच्या लाकडी फाका उचलल्या, चंद्रकोरीसारख्या दोन. देवीला विचारलं, जोडा घेतेस का? फाका जमिनीवर टाकल्या. दोन्ही सपाट बाजू वर. म्हणजे देवी हसली, उत्तर दिलं नाही. पुन्हा टाकल्या. एक उलटी, एक सुलटी. घेतला.

होकने निळा जोडा पेटीत काळ्याशेजारी ठेवला. ढोलाकडे पाहिलं नाही.

 सगळ्यांना वाटत होतं, कुणीतरी आता जेवायला चला म्हणावं.

क्वेई इंग हे सगळं बघत होती. शब्द तिला एक कळला नव्हता, पण विधी तिच्या गावचाच होता. उसना जोडा, लाल जोडी, प्रश्न, ढोल. फक्त ढोल वाजला नव्हता. ती एकेकाच्या तोंडाकडे बघू लागली. पुजाऱ्याची खाली घातलेली मान, बायकांचे चोरटे डोळे, खाली ठेवलेली काठी आणि न मारलेला टोला. तिला वाटलं, आपल्याला कळलं. तिचा चेहरा तापला. ती होकवर ओरडली.

मेलिंदा घुटमळली. "त्या म्हणतायत, मुलगी झाली म्हणून वाजवत नाही काय? आमच्याकडेही पूर्वी असंच करायचे. मुलीच्या वेळी ढोल फुटायचा म्हणे, पुजाऱ्याचा हात दुखायचा. लाज वाटते का, म्हणतायत."

"अगं, सांग त्यांना..." लुकास पुढे झाला.

"राहू दे," लोआन म्हणाली.

तोवर क्वेई इंगने काठी उचलली होती. वाकड्या बोटांनी ती धरून तिने ढोल वाजवला. एक टोला. मग क्षणभर थांबून, मुलालाच का दोन म्हणून, दुसरा. कालवं फोडणारा हात होता तो. छपरावरची कबुतरं उडाली. गल्लीत कुणीतरी खिडकी उघडली.

मग ती लोआनपुढे आली. ताटातलं लाल अंडं उचलून तिने लोआनच्या हातात दिलं, साखरेचा खडा तिच्या तोंडाशी धरला, आणि लोआनने तोंड उघडेपर्यंत धरूनच ठेवला. मेलिंदाला तिने काहीतरी विचारलं. मेलिंदाने तिच्या तोंडची हाक होती तशीच ठेवली.

"माक, त्या विचारतायत, पोरगी केवढी आहे?"

लोआन साखर चघळत होती. तिने मांडवभर नजर फिरवली. ती लुकासवर येऊन थांबली. केस विरळ झालेला, पोट सुटलेला, डोळे पुसायला रुमाल शोधणारा लुकास.

"याच्याहून थोडी मोठी," ती म्हणाली.

मेलिंदाने ते जसंच्या तसं सांगितलं. क्वेई इंगने लुकासला नीट न्याहाळलं, मान डोलावली, आणि लोआनची पाठ थोपटली. एवढ्या वयाची पोरगी असून जोडा आता आणलास, असं काहीतरी ती हसत हसत म्हणाली. तेवढं मेलिंदाने सांगितलं नाही. मग सगळे जेवायला बसले. लोआनने अंडं सोलून खाल्लं. मीठ मागितलं.

दोन दिवसांनी पेटी पाहुण्यांबरोबर गेली, काळा आणि निळा जोडा शेजारी शेजारी. लुकास त्यांना सेमारांगपर्यंत सोडायला गेला. लोआन गेली नाही. तिला एका नवरीच्या सपाता द्यायच्या होत्या. कपाटातल्या रिकाम्या जागेत तिने दोऱ्याची रिळं ठेवली. गल्लीत पुन्हा सगळे तिला ताचिक म्हणत होते. मेलिंदासुद्धा.

त्या वर्षाच्या शेवटी देव वर गेले, पडदा ओढला गेला. बायकांनी पाणी आणलं, फुलं टाकली. लोआनने खाली बसून माकचोच्या पायातले वर्षभराचे जोडे काढले आणि सवयीने उलटे केले.  मग तिने ते शेजारणीपुढे धरले.

टाच कोरी होती. आत, बाहेर, कुठेच झिजली नव्हती.

"असं कसं?" शेजारीण म्हणाली.

"माहेरी गेलीय," लोआन म्हणाली आणि नव्या जोड्यांचे बंद सोडू लागली. "तिथे तिला कोण चालायला लावणार."